न झालेल्या लढतीचा हिशोब

परवा रात्री स्टँडसमोरच्या टपरीवर दोन पोरांची जुंपली. विषय होता फ्लॉइड मेवेदर. एकाचं म्हणणं, पन्नास लढती, पन्नास विजय, हार एकही नाही, मग वाद कसला? दुसरा म्हणाला, "अरे, पन्नासावी जोड कुणाशी लावली ते बघ की आधी!"

दुसऱ्याचा मुद्दा खरा आहे. २६ ऑगस्ट २०१७ ला मेवेदरने पन्नासावी लढत जिंकली ती कॉनर मॅकग्रेगरशी. मॅकग्रेगर दुसऱ्याच खेळातला नावाजलेला माणूस, पण व्यावसायिक बॉक्सिंगमधली ही त्याची पहिलीच लढत. त्या एका विजयावर मेवेदर रॉकी मार्सियानोच्या ४९-० च्या पुढे गेला. मॅनी पॅकियाओचंही तेच. २००९-१० मध्ये दोघं ऐन भरात होते तेव्हा उत्तेजक चाचणीच्या अटींवरून बोलणी फिसकटली. लढत झाली २ मे २०१५ ला. तेव्हा एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६ चा.

पण पहिल्याचंही अगदीच चूक नाही. समोर आला त्याला हरवलं, अजून काय करायचं माणसाने?

दोघं माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही पेपरवाले, तुम्ही सांगा." मी म्हणालो, उद्या लिहितो. उद्याचे चार दिवस झाले, कारण लिहायला बसलो तर मेवेदर बाजूला राहिला आणि मी शंभर वर्षं मागे गेलो. हा वाद खरा रंगला होता तो जॅक डेम्प्सीवरून. त्यात फक्त दोन बॉक्सर नव्हते. सरकार होतं, पैसा होता, कातडीचा रंग होता आणि आमचे व्यवसायबंधूही होते. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

*

आपल्याकडे जत्रेतलं कुस्तीचं मैदान ज्याने पाहिलंय त्याला एक गोष्ट वेगळी सांगायला नको. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जोड लावणं. कोण कुणाशी लढणार हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धा निकाल. आखाड्यात उतरल्यावर पैलवानाचा जोर, डाव, दम हे सगळं खरं. पण उतरूच दिलं नाही तर?

अमेरिकेतल्या हेवीवेट बॉक्सिंगमध्ये हे उतरू न देण्याचं काम उघडपणे चालायचं. त्याला नावही होतं, 'कलर लाइन'. रंगाची रेघ. गोरा जगज्जेता कृष्णवर्णीयाला विजेतेपदासाठी लढायची संधी देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुठल्या नियमपुस्तकात असं लिहिलेलं नव्हतं. जगज्जेता स्वतःच जाहीर करायचा आणि लोक मान डोलवायचे.

सुरुवात जॉन एल. सलिव्हनपासून धरू. १८८२ मध्ये तो अव्वल झाला आणि पुढची दहा वर्षं अमेरिकेचा लाडका राहिला. त्याच काळात ऑस्ट्रेलियात पीटर जॅक्सन नावाचा कृष्णवर्णीय बॉक्सर १८८६ मध्ये तिथला हेवीवेट विजेता झाला. तो अमेरिकेत आला, सलिव्हनच्या मागे लागला. सलिव्हनने स्पष्ट सांगितलं, कृष्णवर्णीयाशी लढणार नाही. मग जॅक्सन जिम कॉर्बेटशी लढला. २१ मे १८९१, सॅन फ्रान्सिस्को. ६१ राउंड झाले, दोघं उभे राहायच्या पलीकडे गेले तेव्हा लढत निकालाविना थांबवली. पुढच्या वर्षी कॉर्बेटने सलिव्हनला हरवून विजेतेपद मिळवलं. ज्याच्याशी ६१ राउंड बरोबरीत गेला होता त्या जॅक्सनला विजेता झाल्यावर कॉर्बेटने परत संधी दिली का? नाही. १८९८ मध्ये उतरणीला लागलेल्या जॅक्सनला जिम जेफ्रीजने तिसऱ्या राउंडमध्ये संपवलं. १९०१ मध्ये क्षयाने जॅक्सन गेला.

आता नोंदवही उघडा. जेफ्रीजच्या नावावर 'जॅक्सनवर विजय' आहे. सलिव्हनच्या पानावर जॅक्सनचं नावच नाही. नोंदवही खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.

*

ही रेघ पहिल्यांदा ओलांडली जॅक जॉन्सनने. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातला हा माणूस. जेफ्रीज त्याच्याशी न लढताच १९०५ मध्ये अपराजित म्हणून निवृत्त झाला. पुढे टॉमी बर्न्स जगज्जेता झाला. जॉन्सन त्याच्या मागे मागे देश पालथे घालत शेवटी सिडनीला पोचला. ह्यू मॅकिंटॉश नावाच्या प्रमोटरने बर्न्सपुढे ३०,००० डॉलर ठेवले तेव्हा बर्न्सने रेघ पुसली. जॉन्सनला मिळाले ५,०००. २६ डिसेंबर १९०८ ला लढत झाली. चौदाव्या राउंडमध्ये पोलिसांनी ती थांबवली, कारण बर्न्सचा पार चोथा झाला होता.

यातून एक कळतं. तत्त्व म्हणून मिरवलेली रेघ पैशाने पुसता येत होती. फक्त रक्कम तेवढी लागायची.

मग 'गोऱ्यांची अब्रू' वाचवायला जेफ्रीजला निवृत्तीतून ओढून आणलं. ओढणाऱ्यांत पत्रकार आणि लेखक आघाडीवर होते. सिडनीहून वार्तांकन करणारा जॅक लंडन हा प्रसिद्ध कादंबरीकार तर उघड हाका मारत होता. ४ जुलै १९१० ला रीनो इथे जॉन्सनने जेफ्रीजला पंधराव्या राउंडमध्ये लोळवलं. त्याच रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसं मेली, मेलेल्यांत कृष्णवर्णीयच जास्त. लढतीच्या चित्रफितीवर गावोगाव बंदी आली. १९१२ मध्ये तर लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच कायद्याने मनाई झाली.

जाता जाता सांगतो, त्याच १९१० सालच्या सप्टेंबरात लंडनमध्ये आपला गामा पैलवान होता. पोलंडच्या झ्बिश्कोशी त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली, झ्बिश्को मातीला चिकटून बसला आणि निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा नेमली तर झ्बिश्को आलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. पण तेव्हाचे जगातले दोन मोठे, अमेरिकेचा फ्रँक गॉच आणि हॅकेनश्मिट, यांच्याशी गामाची कुस्ती कधी झालीच नाही. कोण श्रेष्ठ हे आपण अजून भांडतो. भांडायला जागा आहे, कारण पान कोरं आहे.

*

आता जॉन्सनच्या बाबतीतली अवघड गोष्ट. लोक ती गाळतात, पण गाळू नये.

ज्याच्यावर ही रेघ सर्वात क्रूरपणे चालवली गेली, त्यानेच जगज्जेता झाल्यावर ती दुसऱ्यांवर चालवली. त्या काळात तीन जबरदस्त कृष्णवर्णीय हेवीवेट होते, सॅम लँगफर्ड, जो जॅनेट आणि सॅम मॅकव्हे. जॅनेट आणि मॅकव्हे १९०९ मध्ये पॅरिसला ४९ राउंड लढले होते, यावरून त्यांची जात कसली होती ते समजा. लँगफर्डला जॉन्सनने १९०६ मध्ये पंधरा राउंडांत हरवलं होतं, पण तेव्हा लँगफर्ड त्याच्यापेक्षा बराच हलका होता. नंतर तो भरला, पिकला. जॉन्सन १९०८ ते १९१५ जगज्जेता होता. या सात वर्षांत तिघांपैकी एकालाही त्याने विजेतेपदाची संधी दिली नाही. जॉन्सन एकदा कृष्णवर्णीयाशी लढला, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला, बॅटलिंग जिम जॉन्सनशी. तो या तिघांच्या तोडीचा नव्हता, तरी दहा राउंडची ती लढत बरोबरीत सुटली.

कारण? पैशाचं गणित. जॉन्सनला एखादा गोरा हरवेल या आशेवर तिकिटं खपायची. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला ती गर्दी येणार नव्हती. शिवाय लँगफर्डकडून हरायचा धोका होताच. धोका मोठा आणि कमाई छोटी, असली जोड कोण लावून घेईल?

मी जॉन्सनला यावरून झोडपणार नाही. त्या माणसाने जे सोसलं त्याच्या दशांशही आपण सोसलेलं नाही. पण माफ करणं वेगळं आणि लपवणं वेगळं. सत्ता मिळाली की कालचा वंचितही दार आतून लावून घेऊ शकतो, हे इतिहासात लिहिलेलं असावं. आपल्या आसपास बघा, उदाहरणं मी द्यायची गरज नाही.

*

आता मूळ वादाकडे. जॉन्सनने १९१५ मध्ये हवानाला जेस विलर्डकडून विजेतेपद गमावलं. ४ जुलै १९१९ ला ओहायोतल्या टोलेडोत विलर्डसमोर उभा राहिला जॅक डेम्प्सी. कोलोरॅडोतल्या मनासा गावचा गरीब घरचा पोरगा. खाणीत राबलेला, मालगाड्यांना लटकून गावोगाव फिरलेला. साडेसहा फुटी विलर्डला त्याने पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं. चौथ्या राउंडला विलर्ड उठलाच नाही. बॉक्सिंगमध्ये असा वादळी माणूस लोकांनी पाहिला नव्हता.

आणि लगेच पेपरात बातमी आली, नवा जगज्जेता फक्त गोऱ्यांशीच लढणार.

तेव्हा दारात उभा होता हॅरी विल्स. न्यू ऑर्लिन्सच्या गोदीत माल उचलून उचलून घडलेला धिप्पाड गडी. लँगफर्डशी तो पंधराहून जास्त वेळा लढला. का? कारण गोरे मोठे बॉक्सर लढत नाहीत म्हटल्यावर या लोकांना आपापसातच लढत राहावं लागायचं. तीच ती चार नावं, पुन्हा पुन्हा, आज बॉस्टन, उद्या दुसरं गाव. 'कृष्णवर्णीयांचा जगज्जेता' असा वेगळाच किताब होता, तो विल्सकडे होता. म्हणजे एका खेळाचे दोन जगज्जेते. एकाच्या नावापुढे विशेषण नाही, दुसऱ्याच्या पुढे आहे.

डेम्प्सीची नोंद आता लढतीवार पाहू.

सप्टेंबर १९२०, बिली मिस्की. तिसऱ्या राउंडमध्ये बाद. मिस्कीला मूत्रपिंडाचा दुर्धर आजार होता आणि पैशाची नड होती. डेम्प्सीने मित्राला कमाई व्हावी म्हणून ही लढत दिली. माणूस म्हणून चांगुलपणाच. पण विजेतेपदाची लढत म्हणून? मिस्की १ जानेवारी १९२४ ला वारला.

डिसेंबर १९२०, बिल ब्रेनन. बाराव्या राउंडमध्ये बाद. ही कस लागलेली लढत होती.

जुलै १९२१, फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए. हा मुळात कमी वजनाचा, पण पहिल्या महायुद्धातला वीर. डेम्प्सीवर युद्ध टाळल्याचा आरोप होता, त्यातून तो कोर्टात निर्दोष सुटला होता. 'रणवीर विरुद्ध रणछोड' अशी जाहिरात आपोआप झाली. जर्सी सिटीत सुमारे ८० हजार माणसं आणि १७ लाख डॉलरहून जास्त गल्ला. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही बॉक्सिंगची पहिली लढत. चौथ्या राउंडमध्ये खेळ खलास.

१९२२, विजेतेपदाची लढत नाही.

४ जुलै १९२३, मोंटाना राज्यातल्या शेल्बी नावाच्या छोट्या गावात टॉमी गिबन्स. गावाला आपलं नाव मोठं करायचं होतं. डेम्प्सीला तीन लाख डॉलरची हमी दिली. पैसे जमता जमेनात, तिकिटं खपली नाहीत, मॅनेजर जॅक कर्न्सने मिळेल ती रोकड उचलली आणि रेल्वेने पसार झाला. गावच्या बँका बुडाल्या. डेम्प्सी पंधरा राउंड गुणांवर जिंकला.

सप्टेंबर १९२३, अर्जेंटिनाचा फिरपो. दुसऱ्या राउंडमध्ये बाद. पहिल्या राउंडमध्ये फिरपोने डेम्प्सीला दोरांमधून रिंगबाहेर फेकलं होतं, तोही पत्रकारांच्या टेबलावर.

मग तीन वर्षं काहीच नाही. थेट २३ सप्टेंबर १९२६, जीन टनी, आणि पराभव.

सात वर्षांत पाच यशस्वी लढती. हा झाला रेकॉर्ड. आता याच्या शेजारी विल्स ठेवा. ज्या फ्रेड फुल्टनला हरवून डेम्प्सी पुढे आला होता, त्याच फुल्टनला विल्सने १९२० मध्ये तिसऱ्या राउंडमध्ये बाद केलं. ज्या फिरपोने डेम्प्सीला बाहेर फेकलं त्याला विल्सने १९२४ मध्ये बारा राउंड झोडपलं. आणि विल्स बसून नव्हता, मागत होता.

*

डेम्प्सीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर तो लेख नाही, फिर्याद होते.

एक, डेम्प्सीने विल्सशी करार केले होते, एकदा नाही दोनदा. जुलै १९२२ मध्ये सही झाली. अट अशी की लढत भरवणारा योग्य प्रमोटर मिळाला की तारीख ठरेल. तो 'योग्य' प्रमोटर मिळालाच नाही. १९२५ मध्ये मिशिगनमध्ये पुन्हा करार झाला. विल्सला ५०,००० डॉलर आगाऊ मिळाले. डेम्प्सीला कबूल केलेली मोठी आगाऊ रक्कम हातात पडली नाही, आणि तो बाजूला झाला.

दोन, त्या काळचा बॉक्सिंगचा खरा मालक होता प्रमोटर टेक्स रिकार्ड. १९१० ची रीनोची लढत त्यानेच भरवली होती आणि पंचही तोच होता. त्यानंतरच्या दंगली त्याने पाहिल्या होत्या. असली लढत पुन्हा भरवायची त्याची तयारी नव्हती. डेम्प्सी पुढे आयुष्यभर सांगत राहिला की मी तयार होतो, वरच्यांनी होऊ दिलं नाही.

तीन, डेम्प्सी व्यक्ती म्हणून कृष्णवर्णीयांना घाबरणारा किंवा दूर ठेवणारा नव्हता. त्याचा सरावाचा जोडीदार बिग बिल टेट कृष्णवर्णीयच होता.

पण मला तर हाच तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त बोचतो. तालमीत चालतो, घाम गाळायला चालतो, ठोसे खायला चालतो. फक्त जिथे जिंकला तर पट्टा त्याला द्यावा लागेल तिथे चालत नाही.

आणि एक लक्षात घ्या. ही रेघ सगळ्या वजनांना सारखी नव्हती. हलक्या वजनात जो गान्स १९०२ मध्येच जगज्जेता झाला होता. टायगर फ्लॉवर्सने फेब्रुवारी १९२६ मध्ये मिडलवेटचं विजेतेपद जिंकलं. दोघंही कृष्णवर्णीय. मग हेवीवेटलाच का अडलं? कारण हेवीवेटचा जगज्जेता म्हणजे जगातला सर्वात बलवान पुरुष, अशी समजूत होती. ती खुर्ची कुणाला द्यायची हा खेळाचा प्रश्न उरलाच नव्हता.

सगळंच रंगावर ढकलता येत नाही, हेही सांगतो. हॅरी ग्रेब नावाचा मिडलवेट गोराच होता. एका डोळ्याने अधू, वजन सत्तर-बाहत्तर किलोच्या आसपास, पण कुणालाही भिडायचा, गोऱ्याला, काळ्याला, आपल्यापेक्षा वीस किलो जास्त असलेल्याला. टनीला व्यावसायिक लढतीत हरवणारा तो एकटाच. गिबन्सलाही त्याने १९२२ मध्ये हरवलं होतं. सरावात त्याने डेम्प्सीलाही चांगलंच दमवलं होतं. त्यालाही विजेतेपदाची संधी मिळाली नाही. हरवला तर म्हणणार बारक्याला हरवलं, हरलो तर अब्रू गेली. असल्या जोडीतून मॅनेजर लोक आपला माणूस अलगद काढून घेतात. आजही.

*

मग विल्सचं काय झालं? न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने भूमिका घेतली की डेम्प्सीने आधी विल्सशी लढावं, त्याशिवाय इथे दुसरी लढत नाही. आयोगावर जेम्स फार्ली होते, पुढे रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात गेले ते. हार्लेममधल्या मतांवर डोळा ठेवून हे चाललंय, अशी टीका झाली. असेलही. पण मतांसाठी का होईना, कुणीतरी खुर्चीवरून बोललं. रिकार्डने काय केलं? लढतच न्यूयॉर्कबाहेर फिलाडेल्फियाला नेली. नियम अडवतोय तर गाव बदला. सुमारे एक लाख वीस हजार माणसांसमोर डेम्प्सी टनीशी लढला आणि हरला.

त्यानंतर तीनच आठवड्यांत विल्स शार्कीशी लढला आणि तेराव्या राउंडमध्ये नियमभंगावरून बाद ठरला. पुढच्या वर्षी उझकुदुनने त्याला चौथ्या राउंडमध्ये पाडलं. लोक म्हणाले, बघा, एवढा काही नव्हताच! पण तेव्हा विल्स ३७-३८ वर्षांचा झाला होता. सात वर्षं दारात उभं करायचं आणि पाय थकल्यावर म्हणायचं, याला उभंही राहता येत नाही. ही युक्ती फार जुनी आहे आणि फक्त अमेरिकेतली नाही.

विल्सने पैसा नीट सांभाळला, हार्लेममध्ये मालमत्ता घेतली, १९५८ मध्ये वारला. लँगफर्डचं नशीब वाईट. तो आंधळा झाला. १९४४ मध्ये अल लेनी नावाच्या पत्रकाराने त्याला हार्लेममधल्या एका अंधाऱ्या खोलीत शोधून काढलं. कफल्लक. लेनीने 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, म्हातारपण जरा सुसह्य झालं. बातमीने पट्टा मिळत नाही, पण कधी कधी जेवण मिळतं.

जॉन्सन हरल्यापासून जो लुईसने २२ जून १९३७ ला शिकागोत ब्रॅडॉकला हरवेपर्यंत, २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट विजेतेपदासाठी लढता आलं नाही. लुईसने मग काय केलं? जो येईल त्याला संधी. पंचवीस वेळा विजेतेपद राखलं. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सहा-सात महिन्यांत सात लढती, म्हणजे डेम्प्सीच्या सात वर्षांपेक्षा जास्त. तेव्हा पत्रकारांनी त्यालाही टोमणा मारला की हा दर महिन्याला एक फालतू गडी शोधून आणतो. लढला नाही तरी बोलतात, रोज लढला तरी बोलतात. पण या दोन टीका सारख्या नाहीत. लुईसच्या दारात न्याय मागत कुणी ताटकळत नव्हतं. १९३९ मध्ये जॉन हेन्री लुईस या कृष्णवर्णीयालाही त्याने संधी दिली. जॉन्सनने टाळलं ते यानेच सुरू केलं.

*

आता आमच्या धंद्याबद्दल. अमेरिकेत एक काळ असा होता की लढतीत कुणी बाद झालं नाही तर अधिकृत निकालच नसायचा. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ असाच कायदा होता. मग जिंकलं कोण? रिंगभोवती बसलेले पत्रकार ठरवायचे आणि सकाळी छापायचे. पैजाही त्यावर सुटायच्या. वर सांगितलेला विल्स-फिरपो निकालही असाच वर्तमानपत्रांनी दिलेला. आज इंटरनेटवर तुम्ही जे आकडे बघता त्यांतल्या कित्येक नोंदी असल्या बातम्यांवरून लावलेल्या आहेत. म्हणजे ज्याला आपण पक्का रेकॉर्ड म्हणतो त्याच्या पायात माझ्यासारख्याच कुणाची तरी घाईत लिहिलेली कॉपी आहे. त्याने चहा कुणाचा प्यायला होता, देव जाणे.

हे लिहिताना मला माझीच एक बातमी आठवत होती. डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. पंचक्रोशीतल्या एका मोठ्या जत्रेचं कुस्ती मैदान कव्हर करायला गेलो. शेवटची कुस्ती एका नावाजलेल्या पैलवानाने चौथ्या मिनिटाला चितपट मारली. सलग तिसरं वर्ष. मी चार कॉलमी मथळा दिला, 'अजिंक्य!' दुसऱ्या दिवशी बाजारात एक म्हातारे वस्ताद भेटले. पेपर त्यांच्या हातात होता. म्हणाले, "लेकरा, लिवलंस झ्याक. पर त्यो कुनाला पाडला ते लिवलंस, कुनाला टाळला ते न्हाई लिवलंस."

मी चौकशी केली. शेजारच्या वाडीचा एक पोरगा होता, सगळे म्हणायचे याच्याशी काटा जोड होईल. तीन वर्षं तो लंगोट घेऊन येत होता. एका वर्षी सांगितलं वजन जुळत नाही, एका वर्षी सांगितलं नाव उशिरा दिलंस, तिसऱ्या वर्षी सांगितलं पुढच्या वर्षी बघू. त्याच्यामागे मोठी तालीम नव्हती, इनाम लावणारं कुणी नव्हतं, बाकी काय नव्हतं ते तुम्ही ओळखा. चौथ्या वर्षी तो आलाच नाही. ऊसतोडीला गेला होता.

ती दुसरी बातमी मी लिहिली नाही. कमिटीतली माणसं जाहिराती द्यायची. वरून सांगितलंही नव्हतं कुणी, मीच समजून घेतलं. त्या पैलवानाच्या विजयात खोट होती असं मी आजही म्हणत नाही. कदाचित त्याने त्या पोरालाही पाडलं असतं. पण हे 'कदाचित' त्या दोघांच्याही मानगुटीवर बसलं, आणि ते बसवण्यात माझा हात होता.

डेम्प्सीचंही नेमकं हेच. बरेच जाणकार म्हणतात, १९२० च्या सुमाराच्या डेम्प्सीने विल्सला हरवलं असतं. मलाही तसं वाटतं. म्हणूनच रेघेने नुकसान दोघांचं केलं. विल्सची संधी गेली, आणि डेम्प्सीच्या खणखणीत रेकॉर्डला कायमचा प्रश्न चिकटला. जास्त कुणाचं गेलं याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. एकाकडे निदान पट्टा तरी होता.

तर टपरीवरच्या पोरांनो, माझं उत्तर असं. रेकॉर्ड बघा, जरूर बघा, जिंकणाऱ्याचं कौतुक करा. पण तीन गोष्टी विचारा. जोड कुणी लावली? दारात कोण उभं होतं? आणि त्याला किती वर्षं उभं ठेवलं? मेवेदरला हे विचारलं तर उत्तर मिळेल ते असं: तो फार मोठा बॉक्सर, पण पन्नासावा आकडा हा हिशोबासाठी घेतलेला आहे, आणि पॅकियाओची लढत पाच वर्षं शिळी झालेली आहे. मॅकग्रेगरला मात्र कुणी दारात अडवलं नव्हतं, दोघांनी मिळून पैसे कमावले. तिथे गाऱ्हाणं फक्त प्रेक्षकाचं आहे. विल्सच्या बाबतीत गाऱ्हाणं माणुसकीचं आहे. दोन्ही एका तराजूत टाकू नका.

आणि हो, हेच तीन प्रश्न चौकातल्या फ्लेक्सखाली उभं राहूनही विचारून बघा. 'सलग बिनविरोध', 'सलग अजिंक्य' असं जिथे जिथे लिहिलंय तिथे. उत्तर चांगलंही येईल, नाही कशाला म्हणू? कधी कधी माणूस खरंच तेवढा लायक असतो. पण विचारायचं.

चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि त्या वाडीच्या पैलवानाला कुणी ओळखत असेल तर नाव इथे लिहू नका, मला मेसेज करा. त्याची बातमी वीस वर्षं उशिरा का होईना, त्याला चालत असेल तर लिहायची आहे.